किरकोळ दुरुस्ती

आमच्या घरात जेवायला रोज पंधरा-सोळा माणसं असत आणि त्यांतली घरची आम्ही तिघंच. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिंपरीची कंपनी बंद पडल्यावर आम्ही दापोडीतली रेल्वेलगतची खोली सोडून चाकणजवळच्या निघोज्याला आलो. तिथल्या एका शेतकऱ्यानं आपल्या वावरात ओळीनं दहा-बारा पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांतल्या कडेच्या दोन आम्ही घेतल्या. बाकीच्या खोल्यांत चाकणच्या कारखान्यांमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागलेली माणसं राहायची. एकेका खोलीत चौघं-पाच जण, लातूर, परभणी, सांगली, जळगाव, जिकडून तिकडून आलेली. ही माणसं बिस्किटं आणि वडापाववर दिवस काढतात हे आईनं पहिल्या आठवड्यातच पाहिलं. आई करमाळ्याकडची. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी तिच्या हातची कुणी एकदा खाल्ली की तो दुसरीकडं जेवायचा नाही. महिनाभरात आमच्या पुढच्या खोलीत खानावळ सुरू झाली. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये पत्रा कापणारा एक प्रेस होता. त्याचा ठोका आणि आईचं भाकरी थापणं एकाच लयीत चालायचं. प्रेस बंद पडला की माझाही हात चुकतो, असं ती म्हणायची.

अण्णा कंपनीत इन्स्पेक्टर होते. साहेब नव्हे. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही हे गेज लावून पाहणारा माणूस. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जेवायला बसल्यावर ते भाकरी हातात घेऊन कडेनं बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आज एका बाजूनं जाड झालीय."

"मग रिजेक्ट करा आन् उपाशी ऱ्हावा," आई तव्यावरची नजर न काढता म्हणायची, आणि बसलेली सगळी पंगत हसायची.

मी इंजिनिअर होऊन दीड वर्ष घरी बसलो होतो. त्या दीड वर्षात मी पाणी भरलं, ताटं घासली, कांदे चिरले, आणि जेवायला येणाऱ्यांनी "काय इंजिनिअरसाहेब, काही जमलं का कुठं?" असं विचारलं की मान हलवली. मग भोसरीत एका सहा माणसांच्या कंपनीत मला काम लागलं. मालक मोहिते सर. कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. अण्णांनी ओळीतल्या प्रत्येक खोलीत जाऊन स्वतः पेढे वाटले. मला आजही तो पुठ्ठ्याचा खोका घेऊन दारोदार चाललेला माणूस दिसतो आणि मी पुढं जे केलं त्याचं एक कारण तिथं सापडतं. कारण म्हणतो आहे, सबब म्हणत नाही.

माझं पहिलंच काम चाकणच्या एका कारखान्यासाठी होतं. तिथं गाडीच्या ब्रेकला लागणारा ॲल्युमिनियमचा एक भाग बनायचा. त्यात एक छिद्र असायचं आणि त्या छिद्राच्या मापावर सगळी भिस्त. प्रत्येक भागावर मशीन एक नंबर ठोकायचं. तो नंबर, वेळ, आणि त्या वेळी मशीनवर असलेल्या कामगाराचा टोकन नंबर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जमा व्हायचा. पुढं कधी गाड्यांच्या कारखान्यातून तक्रार आली की खराब भागावरचा नंबर टाकायचा आणि कुणाच्या हातचा होता ते दोन सेकंदांत समोर यायचं. पूर्वी असल्या वेळी सगळ्या लाइनला बोलणी बसायची. मला वाटलं, आपण चांगलं काम करतोय. आता निरपराध माणसाला बोलणी बसणार नाहीत.

त्याच कारखान्यात, त्याच लाइनवर, आमच्या खानावळीत जेवणारे तिघं होते. त्यांतला भानुदास लातूरकडचा. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, उंच, जरा वाकून चालणारा. सात महिने काम, मग ब्रेक, मग परत सात महिने, असं करत त्यानं याच कारखान्यात पाच वर्षं काढली होती. त्या वर्षी लाइनवरच्या चार जणांना कायम करायचं ठरलं होतं आणि त्या चौघांत त्याचं नाव होतं. त्याची बायको सुमन लग्नापासून गावीच होती. कायम झालो की तिला आणायची, असं ठरवून त्यानं आमच्याच ओळीतली दुसऱ्या टोकाची खोली मालकाला सांगून ठेवली होती. ती खोली रिकामी झाली तेव्हा त्यानं स्वतःच आतून चुना मारला. "कायम व्हायच्या आधीच चुना लावला का भानुदासराव?" असं सांगलीचा सचिन त्याला चिडवायचा. सचिन त्याच लाइनवर होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. भानुदास फक्त हसायचा.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली की तो आंघोळ न करता आधी आमच्याकडं यायचा आणि आईला भाजी निवडून द्यायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. "बसल्या जागी हात गप ऱ्हात न्हाईत काकू," म्हणायचा. एकदा मी दाढ काढून घरी आलो होतो, गालात कापूस कोंबलेला, बोलता येत नव्हतं. भानुदास समोर मेथीची जुडी घेऊन बसला आणि मला गावाकडच्या एका दात काढणाऱ्याची हकिकत सांगू लागला, ज्यानं किडका सोडून शेजारचा चांगला दात काढला होता. मला हसता येईना आणि हसू आवरेना. "हसू नगा साहेब, टाका तुटंल," असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा आणि पुढची ओळ सांगायचा. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

आता त्या चार ओळींबद्दल सांगतो.

शिफ्ट बदलताना त्या लाइनवर मशीन थांबवत नसत. जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात चालू मशीन द्यायचा. थांबवून पुन्हा सुरू केलं तर पहिले काही भाग माप सोडतात, म्हणून ही रीत पडली होती आणि तिचा सगळ्यांना अभिमान होता. आमच्या पंगतीत त्यावरून वाद चालायचे, कुणाच्या हातचं मशीन गार मिळतं आणि कुणाच्या हातचं गरम. सॉफ्टवेअर आल्यावर जाणाऱ्यानं स्क्रीनवरून आपलं टोकन काढायचं आणि येणाऱ्यानं आपलं टाकायचं असं ठरलं. जाणारा टोकन काढायचा, कारण त्याशिवाय त्याची हजेरी पुरी व्हायची नाही. येणारा मात्र आधी मशीन सांभाळायचा, मग सवडीनं पाच-दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं टोकन टाकायचा. मधल्या वेळात बनलेल्या भागांपुढं नावाची जागा रिकामी राहायची.

कारखान्यातल्या क्वालिटीच्या साहेबांना ते चालेना. "ऑडिटला माणूस आला की रिकामा रकाना दिसेल तिथंच बोट ठेवतो," ते मला म्हणाले. "काहीतरी येऊ द्या तिथं."

"काय येऊ द्यायचं सर?"

"ते तुम्ही बघा. इंजिनिअर तुम्ही आहात."

मी चार ओळी लिहिल्या. टोकन रिकामं असेल तर त्या मशीनवरचं आधीचं टोकन घ्यावं. रिपोर्ट एकदम भरगच्च दिसू लागला, साहेबांनी पाठ थोपटली. शिफ्ट कशी बदलते हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ते मला त्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ज्यांच्या ताटाला ताट लावून मी ते ऐकलं होतं, त्यांच्याच नावांवर मी दुसऱ्याच्या हातचं काम टाकण्याची सोय करून ठेवली. आणि तेव्हा ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रिकामी जागा दिसली, भरली.

तक्रार आली ती गुरुवारी. भाग तीन आठवड्यांपूर्वी बनलेला होता. छिद्र मोठं झालेलं, आणि गाड्यांच्या कारखान्यात ऐन जोडणीच्या वेळी ते सापडल्यामुळं त्यांची लाइन थांबली. नंबर टाकला, भानुदासचं टोकन आलं. शुक्रवारी सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं आणि एक छापील कागद पुढं केला. त्यावर तारीख होती, मशीन होतं, त्याचं नाव होतं, आणि खाली, माझ्या निष्काळजीपणामुळे हे झाले, मला मान्य आहे, असं लिहिलं होतं. वेळ कुठं लिहिलेली नव्हती. त्या दिवशी तू कामावर होतास का, असं विचारलं. तो होताच. त्यानं सही केली. दुपारी तो शिफ्ट सुटायच्या आधीच आमच्याकडं आला तेव्हा आईला वाटलं, बरं नाही की काय.

"काकू, माझं गेट बंद झालं, काढलं मला," तो म्हणाला आणि सवयीनं कोथिंबिरीची जुडी पुढं ओढून बसला.

मला हे संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. मला वाईट वाटलं, पण त्या वेळी माझ्या मनात एक बारीकसा अभिमानही होता, हे मला लिहिलं पाहिजे. सॉफ्टवेअर चाललं होतं. दोन सेकंदांत नाव आलं होतं. भानुदासनं गफलत केली याचं दुःख वेगळं आणि माझ्या कामानं ती पकडली याचं समाधान वेगळं, अशी दोन खणांची मांडणी मी मनात केली आणि जेवलो.

शनिवारी ऑफिसात ती नोंद मी सहज पाहायला काढली. रिपोर्टमध्ये नसलेले रकानेही मला दिसत असत. भाग बनल्याची वेळ होती तीन वाजून बावन्न मिनिटं. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. मी तारीख परत पाहिली. ती मला ओळखीची वाटली, आणि का ओळखीची वाटते ते आठवायला काही क्षण लागले. दातांच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात होती. मी ती काढली. तीच तारीख. त्या दिवशी तीन बावन्नला भानुदास माझ्यासमोर बसून मला हसवत होता.

मशीनवर त्या वेळी कोण होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित पुढच्या शिफ्टचा माणूस, कदाचित त्याच्या जागी उभा राहिलेला कुणी. सॉफ्टवेअरलाही ते माहीत नव्हतं. पण मी त्याला तसं सांगायला शिकवलंच नव्हतं.

मी मोहिते सरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, आमच्या सहा जणांची घरं त्या कंपनीवर चालायची. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "दुरुस्त कर. सोमवारच्या अपडेटमध्ये टाकून दे."

"सर, त्यांना सांगायला पाहिजे. माणूस काढलाय त्यांनी."

"काय सांगणार? महिनाभर तुम्हाला जे रिपोर्ट दिले त्यात चुकीची नावं होती? मग ते विचारणार, आणखी किती? तू सांगशील किती ते?" मला सांगता येणार नव्हतं. "प्रमोद, दुसऱ्या प्लांटचं काम आपल्याला याच साहेबांकडून मिळायचंय. आणि तो माणूस कॉन्ट्रॅक्टचा आहे, चाकणमध्ये गेटं काय कमी आहेत का? उद्या दुसरीकडं उभा राहील. तुझं अजून प्रोबेशन संपायचंय, नाही का?"

शेवटचं वाक्य त्यांनी धमकीच्या सुरात म्हटलं नाही. विचारपूस केल्यासारखं म्हटलं. मी जागेवर येऊन बसलो. त्या चार ओळी काढायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्रत्येक बदलाबरोबर काय बदललं ते लिहायची पद्धत असते, म्हणजे कारखान्याला कळतं. त्या जागी मी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती.

पुढं पंचवीस वर्षांत मी हजारो पानं लिहिली असतील. या दोन शब्दांइतकं खोटं मी कधी काही लिहिलं नाही.

रविवारी त्या लाइनच्या सगळ्यांना सुट्टी सोडून कारखान्यात जावं लागलं, कारण साठ्यातला प्रत्येक भाग हातानं पुन्हा तपासायचा होता. सचिन आणि दुसरा एक जण दुपारी चारच्या सुमाराला जेवायला आले ते बोटं काळी झालेली आणि डोकं तापलेलं. भानुदास आधीच कोपऱ्यात बसलेला होता.

"भानुदासरावांच्या कृपेनं रविवार गोड झाला," सचिन ताटावर बसत म्हणाला.

भानुदासनं भाकरीचा तुकडा मोडला.

"सोळाशे भाग बघितले राव एकट्यानं. आता भाकरी उचलली तरी गेज लावावं वाटायलंय."

"गप जेव," आई म्हणाली.

"काकू, आम्ही बोलणारच की. तिकडं गेटवर आमच्याकडं कसं बघतेत माहितंय का? सगळी लाइन चोर झाली."

"खरं हाय त्याचं," भानुदास हळूच म्हणाला. "बोलू द्या काकू."

मी आमटी वाढत होतो. माझ्या हातात पातेलं होतं. आता सांगावं, इथंच, सचिनसमोर सांगावं, असं मला वाटलं आणि वाटत राहिलं. मी प्रत्येकाच्या ताटात आमटी वाढली आणि पातेलं खाली ठेवलं.

जेवणं झाल्यावर सचिन आणि दुसरा जण झोपायला गेले. अण्णांनी भानुदासला थांबवलं. ट्रंकेतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं आपलं जुनं गेज, म्हणजे छिद्राचं माप पाहायची लोखंडी दांडी, काढलं आणि लोखंडी पाइपाचा एक तुकडा घेतला. अण्णांना त्या पोराबद्दल माया होती. त्यांना वाटलं, झालं ते झालं, पण पुन्हा होऊ नये.

"हात बघू तुझा. धर हे," ते म्हणाले. "आता घाल."

भानुदासनं गेज पाइपात घातलं.

"बघ, ढकललंस. गेज ढकलायचं नसतं. नुसतं तोंडाशी धरायचं आणि सोडायचं. आपल्या वजनानं उतरलं तर उतरलं, नाहीतर नाही. माणूस घाईत असला की ढकलतो आणि मग खराबसुद्धा चांगलं वाटतं. परत कर."

त्यानं परत केलं. अण्णा पुन्हा म्हणाले, "सोड, सोड, पकडून ठेवू नकोस." असं दहा-बारा वेळा झालं. पाच वर्षं रोज तेच काम बिनचूक केलेला तो माणूस माझ्या वडिलांसमोर मांडी घालून पोरासारखा शिकत होता. आपण इतकी वर्षं चुकीचंच धरत आलो असं त्याला हळूहळू पटत चाललेलं मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. पाइपात उतरणाऱ्या लोखंडाचा बारीक आवाज यायचा. मी दारात उभा होतो. माझ्याकडं पाहून अण्णा म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटरला नाव कळतं, पण हात कुठं चुकला ते नाही कळत. त्याला माणूसच लागतो." त्यांना वाटलं, आपण आपल्या धंद्याची बाजू राखली. त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

सोमवारी भानुदास निघाला. त्यानं ती चुना मारलेली खोली नको म्हणून मालकाला सांगितलं. आईनं चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. मी कामाला जायला निघालो होतो, त्यामुळं फाट्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. आताच ती वेळ होती आणि दोघांच्यामध्ये कुणी नव्हतं. मी म्हणालो, "भानुदासभाऊ, तुम्हाला खरंच आठवतं का, तो भाग तुम्हीच केला होता?"

"तीन हप्त्यांमागचं कुणाला आठवतंय साहेब? रोज तीन-चारशे जातेत हाताखालून," तो म्हणाला. "पर नाव आलं म्हणल्यावर झालं आसंल माझ्याकडूनच." थोडं पुढं गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "एक सांगू का? तुमच्या कंप्युटरनं नाव काढलं ते बरंच झालं. न्हाईतर दुसऱ्याच कुणावर तरी आळ गेला असता. त्याच्या लेकराबाळांचा तळतळाट लागला असता मला."

आम्ही फाट्यावर पोहोचलो. बस आली, त्यानं पिशवी आत टाकली आणि हात केला. महिनाभरानं माझं प्रोबेशन संपलं.

मी नंतर मोठ्या कंपन्यांत गेलो, माझ्या हाताखाली माणसं आली. माझ्या कामाची एक पद्धत आहे असं लोक म्हणतात. सॉफ्टवेअरला 'माहीत नाही' असं म्हणता आलं पाहिजे, आणि म्हणायची वेळ आली तर त्यानं ते मोठ्यानं म्हटलं पाहिजे, हा माझा हट्ट. रिकामी जागा दिसली की ती भरण्याआधी मी विचारतो, हे कुठून आणलंस, आणि हे चुकलं तर कुणाच्या अंगावर जाईल, त्याला पाहिलंयस का कधी. माझ्या हाताखालची पोरं वैतागतात. एकदा एकीनं माझ्यामागं म्हटलेलं मी ऐकलं, "सरांना रिकामा रकाना दिला की सर खूश, भरलेला दिला की चौकशी." ज्या कारखान्यासाठी काम करायचं तिथं एक अख्खी शिफ्ट उभं राहून पाहिल्याशिवाय मी कुणाला एक ओळ लिहू देत नाही, आणि बदलांच्या नोंदीत 'किरकोळ' हा शब्द आमच्याकडं चालत नाही. एका समारंभात कुणीतरी याला कामामागचं तत्त्वज्ञान म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून बसलो. ते सगळं मी एका माणसाला न सांगितलेल्या वाक्याभोवती रचलेलं आहे. कितीही चांगलं काम केलं तरी ते वाक्य सांगून होत नाही.

अण्णा गेले, मग आई गेली. आईच्या दिवसांना सचिन आला होता. केस पिकलेले, पण जीभ तीच. त्याच्याकडून कळलं की भानुदास तळेगाव दाभाड्यात असतो. मी पत्ता घेतला आणि तरीही सहा महिने गेलो नाही. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी गेलो.

दोन खोल्यांचं घर होतं. भानुदासनं मला लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, आईची बातमी ऐकून तिच्या आमटीची आठवण काढली. सुमन आतून चहा घेऊन आली. त्या गोष्टीनंतर दोन वर्षांनी त्यानं तिला आणलं होतं. मी विचारलं, हल्ली कुठल्या मशीनवर आहात.

"मशीनवर न्हाई उभा राहिलो परत," तो म्हणाला. "पॅकिंगला हाय. खोकी भरायची. म्हणलं, आपला हात भरवशाचा न्हाई, कशाला कुणाच्या जिवाशी खेळायचं, ब्रेकचं काम हाय. दोनदा बोलावलं मशीनवर, मीच नको म्हणलं."

मग मी सांगितलं. चार ओळी, टोकन, तीन बावन्न. सांगताना मी त्याच्याकडं पाहू शकलो नाही, समोरच्या कॅलेंडरकडं पाहत बोललो. माझं झाल्यावर तो म्हणाला, "किती वाजता म्हणलात?"

"तीन बावन्न."

"तवा मी तुमच्याकडं मेथी निवडायलो होतो की." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुमची दाढ काढली होती."

"हो."

तो उठला, आत जाऊन सुमनला घेऊन आला आणि तिला माझ्यासमोर बसवलं. "हिला सांगा," म्हणाला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो मध्येच मला थांबवून म्हणायचा, "ते साडेतीनचं सांगा आधी." सगळं झाल्यावर त्यानं एक वही आणि पेन आणून माझ्यापुढं ठेवलं. "त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. आता तुमी लिहून द्या."

मी लिहिलं. त्या तारखेला तीन वाजून बावन्न मिनिटांनी भानुदास मशीनवर नव्हते, माझ्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळं त्यांचं नाव आलं, त्यांचा काही दोष नव्हता. वही त्याच्याकडं दिली. तो वाचत असताना त्याचे ओठ हलत होते. मग सुमननं ती घेतली आणि त्याच्याहून जास्त वेळ वाचली.

"तुमाला हे कधी कळलं ते न्हाई लिहिलं ह्यात," ती म्हणाली.

मी पेनला टोपण लावलं.

"कधी कळलं?"

"शनिवारी," मी म्हणालो. "यांना शुक्रवारी काढलं. दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्याच दिवशी." ती भानुदासकडं पाहत नव्हती, माझ्याकडंच पाहत होती. "हे तवा निघोज्यातच होते."

"आमच्याच घरात जेवत होते. सोमवारपर्यंत."

"मग?"

"मी घाबरलो," मी म्हणालो.

"घाबरले तर हेबी होते," सुमन म्हणाली. "तरी सही करून आले." तिनं वही माझ्याकडं सरकवली. "लिहा ते."

मी पेन उघडलं आणि खाली लिहिलं की हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी ते सांगितलं नाही. तिनं वही ओढून घेऊन तेवढ्या दोन ओळी वाचल्या आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवली.

"आता सही करा."